इंग्लिशमध्ये पीएचडी: साहित्य की रेटरिक-कॉम्पोझिशन?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

इंग्रजी साहित्यात एमए झालंय, सध्या कॉलेजात शिकवते. अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचा आहे. डोक्यात होती एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, दुसरं काही नाही. पण विभागांच्या साइट चाळायला घेतल्या तर जिथे तिथे 'रेटरिक अँड कॉम्पोझिशन' नावाची शाखा दिसते. कुठे ती इंग्लिश विभागातच आहे, कुठे तिने वेगळी चूल मांडलीय, कुठे दारावर 'रायटिंग स्टडीज' अशी पाटी. ओळखीच्या दोन प्राध्यापकांना मेल केला. एकांनी सरळ लिहिलं, 'नोकरी हवी असेल तर तिकडे जा.' दुसऱ्यांनी तितक्याच सरळ लिहिलं, 'तो विषय नव्हे, ती पेपर तपासणी आहे.'

तिथे नक्की शिकतात काय? साहित्यवाल्यांना घेतात का? आणि जिची मातृभाषा इंग्रजी नाही तिने अमेरिकन मुलांना इंग्रजी लिहायला शिकवायचं, हे तिकडे कुणाला खटकत नाही का? जाणकारांनी उजेड पाडावा.

चष्मिष्ट

वाचतेय. भाचीसाठी हीच चौकशी चालू आहे.

तळटीप

दोन्ही प्राध्यापकांचं अर्धं अर्धं खरं आहे. मी याच विषयात पीएचडी करून एका राज्य विद्यापीठात शिकवतो, तेव्हा माणूस पक्षपाती आहे हे धरूनच वाचा.

अमेरिकेत पदवीला इंजिनिअरिंग घ्या की नर्सिंग, पहिल्या वर्षीचा लेखनाचा वर्ग बहुतेकांना चुकत नाही. सगळे त्याला 'फर्स्ट इयर कॉम्प' म्हणतात. उगम हार्वर्डचा. १८७४ पासून तिथे प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहून घ्यायला लागले, चांगल्या घरच्या मुलांचं लिखाण बघून मास्तरांचे डोळे पांढरे झाले, आणि १८८५ च्या सुमारास 'इंग्लिश ए' हा वर्ग पहिल्या वर्षाला आला. बाकीच्या विद्यापीठांनी तो उचलला. त्याच हार्वर्डमध्ये रेटरिकचं, म्हणजे बोलून-लिहून मन वळवण्याच्या कलेचं, बॉयल्स्टन अध्यासन आहे. १८०६ मध्ये त्यावर पहिले बसले ते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. म्हणजे सभेत आणि न्यायालयात मन कसं वळवावं याचा अभ्यास शंभर वर्षांच्या आत लाल शाईने स्वल्पविराम सुधारण्यावर येऊन ठेपला. १९१४ मध्ये भाषणकला शिकवणारे वैतागून इंग्लिशवाल्यांपासून वेगळे झाले, त्यांनी स्वतःची संघटना काढली. अर्ज करताना हा इतिहास कामाला येतो, पुढे सांगतो.

विभागात मग लेखनाचा वर्ग म्हणजे हमाली. साहित्याचे लोक वरच्या मजल्यावर, आणि हा वर्ग नवख्यांच्या नाहीतर तासिका तत्त्वावरच्यांच्या गळ्यात. १९४९ मध्ये या वर्गांचे शिक्षक एकत्र आले, त्यातून 'फोर सीज' ही परिषद उभी राहिली. आजही विषयाचा सगळ्यात मोठा मेळावा तिचाच. पण संशोधन म्हणावं असं काही बराच काळ नव्हतं. १९६३ साली लेखनावरच्या संशोधनाचा आढावा घेणारा एक अहवाल निघाला. या क्षेत्राची अवस्था किमयागिरीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या रसायनशास्त्रासारखी आहे, असं त्याच्या लेखकांनीच म्हणून ठेवलंय.

मग १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी एक साधी गोष्ट केली. बारावीच्या आठ मुलांना समोर बसवलं आणि लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. आधी आराखडा, मग परिच्छेद, मग पक्कं लिखाण, असं शाळेत शिकवतात. मुलं तसं लिहीत नव्हतीच. त्याआधीच्या वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने दारं सताड उघडली होती, शहरातल्या शाळेतून बारावी झालेल्या कुणालाही प्रवेश. वर्गात अशी मुलं आली ज्यांचं लिखाण वाचून प्राध्यापक हात टेकायचे. मिना शॉनेसी यांनी तिथले जवळपास ४,००० प्रवेशनिबंध घेतले आणि त्यातल्या चुका जुन्या ग्रंथातल्या पाठभेदांइतक्या बारकाईने वाचल्या. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकाचं सार एवढंच, की या चुकांना हिशेब असतो. मूल कुठला तरी नियम पाळतंच असतं, फक्त तो आपला नसतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. साहित्यात तुम्ही छापून आलेला, नावाजलेला मजकूर वाचता. इथे अजून पुरा न झालेला मजकूर वाचायचा असतो: मुलांचा कच्चा खर्डा, दवाखान्यातली नोंद, एखाद्या समितीचं निवेदन. तो कुणी, कुणासाठी, कशाच्या दबावाखाली लिहिला हे शोधायचं. सोबत अ‍ॅरिस्टॉटल, सिसरो आणि विसाव्या शतकातले अमेरिकन रेटरिक-विचारवंत केनेथ बर्क आहेतच.

खोडरबर

तळटीपराव, छान रंगवलंत. आता मी पाणी ओततो.

मी साहित्यात पीएचडी केली, त्याच विभागात रेटरिकवाले मित्र होते. पहिल्या दिवसापासून टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता शिकवणारा) म्हणून वर्ग गळ्यात. आठवडाभर वाचन करायचं त्या शनिवार-रविवारी पेपरांचा गठ्ठा. विद्यापीठाला हजारो मुलांना लेखन शिकवायचंय, स्वस्तात शिकवणारे हवेत, म्हणून पीएचडीच्या एवढ्या जागा. शास्त्र वगैरे नंतर सुचलेलं आहे. १९८६ साली वायोमिंगमधल्या परिषदेत याच लेखनशिक्षकांनी पगार आणि वागणुकीबद्दल ठराव केला होता, तो 'वायोमिंग ठराव' म्हणून प्रसिद्ध आहे. इतकी वर्षं लोटली, तासिकावाल्यांची गर्दी हटलेली नाही. तेव्हा उंबरठाताई, उजेड पाडा म्हणालात म्हणून सांगतो, आधी बिल कोण भरतंय ते बघा.

मार्जिनमधली

खोडरबर, टीएशिप तुम्हालाही होतीच ना? साहित्यवालेही तोच वर्ग शिकवतात. फरक एवढाच, की तुमच्यासाठी ती पोटासाठीची कटकट असते आणि आमचं संशोधन त्याच खोलीत बसलेलं असतं.

मी सध्या पीएचडीत आहे, चौथ्या वर्षाला. एक प्रसंग सांगते म्हणजे 'पेपर तपासणी' म्हणजे काय ते कळेल.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, इंजिनिअरिंगचा. एका लेखाचं विश्लेषण लिहायला दिलं होतं. पहिली दोन पानं स्वच्छ, वाक्य न् वाक्य जागेवर. तिसऱ्या पानावर सगळं कोसळलं. कर्ता एक, क्रियापद भलतंच, एक वाक्य तर सुरू होऊन संपलंच नाही. झोप आली असेल म्हणून सोडून देता आलं असतं, किंवा प्रत्येक चुकीला गोल करता आला असता. पण नीट पाहिलं तर पडझड बरोब्बर तिथे सुरू होत होती जिथे त्याला लेखकाचं म्हणणं पटत नव्हतं. सारांश लिहिताना त्याला लेखकाची वाक्यरचना आधाराला होती. विरोध करायची वेळ आली आणि त्याच्यासारख्या अठरा वर्षांच्या मुलाने छापील विद्वानाला 'हे चूक आहे' कसं म्हणायचं, याची भाषाच त्याच्याकडे नव्हती. मी त्या पानावर एकही चूक दाखवली नाही. समासात एवढंच लिहिलं, 'इथे तुला लेखक पटतोय की नाही? एका वाक्यात सांग.' पुढच्या खर्ड्यात ते पान त्याने नव्याने लिहिलं, आणि निम्म्याहून जास्त व्याकरण आपोआप रांगेला लागलं.

यामागे अभ्यास आहे. डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं, की पहिल्या वर्षाच्या मुलाला दर वेळी विद्यापीठाची भाषा जणू आपल्याला येतेच अशा थाटात लिहावं लागतं, आणि त्या सोंगात तो अडखळतो. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये शिक्षकांचे शेरे तपासले. त्यांचं निरीक्षण असं, की आपले शेरे मुलाला त्याच्या हेतूवरून उचलून आपल्या हेतूवर आणून ठेवतात. हे वाचल्यावर माझा हात थांबायला शिकला.

आता कामाचं. साधारण पहिली दोन वर्षं कोर्सवर्क, मग 'कॉम्प्स' म्हणजे मोठी परीक्षा, मग प्रॉस्पेक्टस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग डिझर्टेशन म्हणजे प्रबंध. पहिल्या सत्रात शिकवता शिकवताच 'प्रॅक्टिकम' असतो: कसं शिकवायचं याचा वर्ग, त्यात एकमेकांनी दिलेले शेरे सगळ्यांसमोर वाचतात. पहिल्यांदा घाम फुटतो. साहित्यवाल्यांना नवीन पडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आयआरबी. विद्यार्थ्यांचं लिखाण किंवा मुलाखती संशोधनात वापरायच्या तर विद्यापीठाच्या नैतिकता मंडळाची परवानगी लागते. कादंबरीतली पात्रं संमतीपत्र मागत नाहीत, ही माणसं मागतात.

उंबरठा

बापरे, किती सविस्तर! मार्जिनमधली, तो तिसऱ्या पानाचा किस्सा वाचून माझ्याच वर्गातली दोन-तीन मुलं डोळ्यांपुढे आली. तळटीप, इतिहास अर्ज करताना कामाला येतो म्हणालात, ते राहिलं. आणि मातृभाषेचा प्रश्नही.

तळटीप

हो. 'रेटरिक' एवढा एकच शब्द बघून अर्ज करू नका. बर्कलीचा रेटरिक विभाग प्रसिद्ध आहे, पण तिथलं काम तत्त्वज्ञान, कायदा, चित्रपट, सिद्धांत या बाजूचं. लेखन शिकवण्याचा अभ्यास हा त्यांचा प्रांत नाही. १९१४ च्या वाटणीमुळे बऱ्याच ठिकाणी रेटरिक हे कम्युनिकेशन विभागात असतं, तिथे राजकीय भाषणं आणि सार्वजनिक वादविवादांवर काम चालतं. तुम्हाला कॉम्पोझिशनही हवं असेल तर इंग्लिश नाहीतर लेखनाचे स्वतंत्र विभाग बघा.

त्यातही प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. कार्नेगी मेलनमध्ये १९८१ च्या सुमारास लिंडा फ्लॉवर आणि मानसशास्त्रज्ञ जॉन हेज यांनी लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं याचं प्रारूप मांडलं. पर्ड्यू म्हटलं की त्यांची 'आउल', ती ऑनलाइन लेखन-प्रयोगशाळा. संदर्भ कसा द्यायचा हे जगभरची मुलं तिथे बघतात. सिराक्यूज आणि मिशिगन स्टेटमध्ये लेखनाचे विभाग इंग्लिशपासून वेगळे आहेत. मिशिगन विद्यापीठात, म्हणजे अ‍ॅन आर्बरला, इंग्लिश आणि शिक्षणशास्त्र यांची जोड-पीएचडी आहे, तुमच्यासारख्या शिकवत आलेल्या माणसाने ती जरूर पाहावी. मिनेसोटात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या लेखनाकडे ओढा आहे. टेक्सास-ऑस्टिनची कथा वाचण्यासारखी: १९९० मध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात वंश आणि लिंगभेदावरचे न्यायालयीन निकाल वाचायला ठेवायचं ठरलं, त्यावरून वर्तमानपत्रांपर्यंत रणकंदन झालं, तो अभ्यासक्रम बारगळला, आणि काही वर्षांत रेटरिकवाले इंग्लिशमधून वेगळे झाले.

मार्जिनमधली

मातृभाषेचं मी सांगते.

खटकतं. पहिल्या तासाला दोन-चार चेहऱ्यांवर दिसतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिला शेरे मारलेला खर्डा हातात पडला की विषय संपतो. बऱ्याच राज्य विद्यापीठांत परदेशी टीएला वर्ग मिळण्याआधी इंग्रजी बोलण्याची चाचणी द्यावी लागते, तिची तयारी ठेवा.

पण विषयाच्या आत शिरलात तर तुमची ही 'अडचण' भांडवल होते. १९७४ मध्येच फोर सीजने ठराव केला होता, की विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. तेव्हा तो मुख्यतः काळ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवरून होता, आणि कागदावर जितका मानला गेला तितका वर्गात मानला गेला नाही. २०११ मध्ये 'कॉलेज इंग्लिश' या नियतकालिकात चौघांनी मिळून भूमिका मांडली, की भाषांमधला फरक हा दोष न मानता लिहिणाऱ्याचं साधन मानावं. 'ट्रान्सलिंग्वल' म्हणतात त्या मांडणीला. त्यावर उलटही लिहिलं गेलंय: दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणारे म्हणाले, आमच्या मुलांना नियम हवे आहेत, तुमचं कौतुक नको. मला दोन्ही बाजू पटतात, आणि माझं डिझर्टेशन त्या फटीतच अडकलंय. दोन-तीन भाषांत रोज ये-जा करणारी व्यक्ती या वादात नुसती बघी नसते.

अर्धविराम

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून.

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. टीएशिप बहुधा तेवढीच धरलेली असते, म्हणजे वर जोडकाम नाही. शिकून झाल्यावर ओपीटी, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायची मुभा, १२ महिने. संगणक-इंजिनिअरिंगवाल्यांना वर २४ महिने मिळतात, इंग्लिशला नाहीत. म्हणजे नोकरीचा शोध शेवटचं वर्ष संपायच्या आत. ट्युशन माफ झाली तरी 'फीज' वेगळ्या असतात, ऑफर लेटरमध्ये ती ओळ शोधून वाचा. अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत. ऑफर आल्यावर १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ द्यायचा असा बऱ्याच विद्यापीठांत करार आहे, त्याआधी कुणी घाई केली तर नम्रपणे आठवण करून द्या.

चष्मिष्ट

अर्धविराम, हे सोन्याचं. वाचनखूण साठवली.

खोडरबर

बरं, मीही जरा नरमतो. नोकरीचं सांगतो, कारण पहिल्या प्राध्यापकांचं ते वाक्य अर्धवट आहे.

साहित्यात एकेका टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणाऱ्या) जागेवर अर्जांचा पाऊस. २००८ च्या मंदीनंतर जागा आटल्या त्या पुन्हा भरल्या नाहीत. रेटरिक-कॉम्पमध्ये तुलनेने बरं, हे खरं. पण त्यातल्या कित्येक जागांना शेपूट असतं: लेखनकार्यक्रमाचं संचालकपद. त्याला 'डब्ल्यूपीए' म्हणतात. शंभर वर्गांचं वेळापत्रक, टीएंचं प्रशिक्षण, पालकांचे फोन, अधिष्ठात्यांच्या बैठका, आणि हे सगळं करून टेन्युअरसाठी लेख आणि पुस्तकही. माझ्या एका मैत्रिणीला पीएचडी संपल्या संपल्या हे पद दिलं, टेन्युअर नसताना. ज्या ज्येष्ठांच्या वर्गांबद्दल तिला तक्रारी सोडवायच्या होत्या तेच तिच्या टेन्युअरच्या समितीवर बसून मत देणार होते. तिने दोन वर्षांत राम राम केला. संस्थेचं नाव घेत नाही.

दुसरं म्हणजे यंत्रं निबंध लिहायला लागल्यापासून 'लेखन शिकवायला माणसं कशाला' हा सूर विद्यापीठाच्या अर्थखात्यातून निघणारच. एमएलए (भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची अमेरिकन संघटना) आणि फोर सीज यांनी मिळून यावर कृतिगट केला, २०२३ च्या जुलैत त्यांचा पहिला मसुदा आला. मसुदे येत राहतील, जागांचं काय ते बघायचं.

तळटीप

डब्ल्यूपीएबद्दल १०० टक्के सहमत. टेन्युअरआधी ते पद घेऊ नये, मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगतो.

यंत्राबद्दल मात्र माझं मत वेगळं. निबंध म्हणजे शेवटी हातात पडणारा कागद, एवढंच ज्यांना वाटतं त्यांचा वर्ग यंत्राने खाल्ला तर नवल नाही. एमिगपासून हा विषय लिहिण्याच्या क्रियेकडे बघतोय. मार्जिनमधलीचा तो मुलगा यंत्राकडून तिसरं पान लिहून घेऊ शकला असता. त्याला लेखक पटतोय की नाही, हे त्याला त्यातून कळलं नसतं. या घडीला डिझर्टेशनसाठी याहून सुपीक जमीन मला दिसत नाही.

अर्जाबद्दल दोन ओळी. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुपत्रात, 'मला लहानपणापासून वाचनाची आवड' नको. तुमच्या वर्गातला एक खराखुरा प्रश्न घ्या, मुलांच्या लिखाणात दिसलेला, आणि तो तुम्हाला का सुटत नाही ते लिहा. रायटिंग सॅम्पल म्हणून साहित्यावरचा निबंध चालतो, साहित्यवाल्यांना घेतातही. फक्त त्यात कादंबरीची थोरवी नको, ती तिच्या काळातल्या वाचकाला कशी वळवते ते दिसू दे. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या मासिकांतून तुकड्या-तुकड्यांनी छापून यायच्या, पुढचा अंक विकत घ्यायला लावणं हा त्या लिखाणाचा धंदाच होता. तुमचा जुना निबंध तिथून उचला, वाया जाणार नाही.

उंबरठा

हे मला सुचलंच नसतं. मालिका-कादंबरीवरच माझा एमएचा प्रबंध आहे! शेवटचं विचारते: ऑफर आलीच, तर चांगला कार्यक्रम कोणता हे लांबून ओळखायचं कसं?

मार्जिनमधली

प्राध्यापकांना विचारू नका, तिथे शिकत असलेल्या टीएंना विचारा. झूमवर अर्धा तास कुणीही देतं.

वर्गात मुलं किती असतात ते विचारा. फोर सीजची शिफारस २० च्या वर नको, शक्यतो १५ अशी आहे. २५ म्हणाले तर दर खर्ड्यामागचा वेळ स्वतः गुणून बघा. सत्राला एक वर्ग की दोन? पाठ्यक्रम पहिल्याच सत्रात स्वतः ठरवायचा की तयार मिळतो? नवख्याला तयार मिळालेला बरा, पण तिसऱ्या वर्षीही तोच रेटायला लावत असतील तर तिथे तुम्हाला संशोधक म्हणून कुणी बघत नाही. रायटिंग सेंटरमध्ये किंवा प्रगत लेखनाच्या वर्गावर आलटून-पालटून काम मिळतं का? पाच वर्षांची ऑफर असेल तर सहाव्या वर्षी लोक काय करतात? गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले कुठे आहेत, आणि त्यातले किती तासिकेवर?

आणि उन्हाळ्याचं विचाराच. स्टायपेंड पुष्कळ ठिकाणी नऊ महिन्यांचाच असतो, घरभाडं बारा महिने भरावं लागतं.